इंग्रजी शब्दांच्या जोड्या: पाठांतर नको, मराठीचा आधार घ्या

ताई, तुमचा प्रश्न असा: मुलगा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या मराठी शाळेतून चौथी झाला आणि यंदा पाचवीत गेल्यावर गणित, विज्ञान सगळं एकदम इंग्रजीतून सुरू झालं. घरी तुम्ही कोकणी बोलता. वहीत ‘से’ आणि ‘टेल’, ‘सिन्स’ आणि ‘फॉर’, ‘सी’ आणि ‘लुक’ अशा शब्दांवर रोज लाल रेघा येतात. गाइडमध्ये अशा दोनशे जोड्या आहेत, त्या पाठ करून घेऊ का? आणि घरात इंग्रजी बोलायला लागू का?

दोन्हीला माझं उत्तर ‘नको’ असं आहे. मी ३१ वर्षं डिचोली तालुक्यात हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी हॉटेलात काम करणाऱ्या मुलामुलींचे वर्ग घेतो. पाचवीतला मुलगा आणि रिसेप्शनवर उभी राहणारी पंचविशीतली मुलगी, दोघं चुकतात त्या जागा जवळजवळ त्याच. याचं कारण इंग्रजीत कमी आणि डोक्यात आधी उमटणाऱ्या मराठी शब्दात जास्त असतं. गाइडमध्ये एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ छापलेला असतो. ‘शेड’ म्हणजे सावली, ‘शॅडो’ म्हणजे सावली. मुलगा हे पाठ करतो, परीक्षेत दोन्हींतला एक शब्द अंदाजाने टाकतो, आणि पाठ करूनही चुकलो म्हणून खट्टू होतो. अशी खट्टू झालेली मुलं मी फार पाहिली आहेत.

आज संध्याकाळी त्याच्याशी इंग्रजीबद्दल बोलू नका, भाताबद्दल बोला. शेतात उभं असतं ते काय? तुमच्या घरी म्हणतात भात. गिरणीवरून येतात ते तांदूळ. ताटात वाढता ते शीत. शाळेच्या मराठी पुस्तकात मात्र ताटातलाही भातच. आणि इंग्रजीत शेतातलं ‘राइस’, गोणीतलं ‘राइस’, ताटातलंही ‘राइस’. फार तर शेतातल्याला ‘पॅडी’ म्हणतील. एवढं बोलणं झालं की मुलाला कळतं की एका भाषेत जिथे एक शब्द पुरतो तिथे दुसरीत तीन लागतात. त्याला हे आधीपासून येतंच होतं, कारण घरचा भात आणि शाळेचा भात यातला फरक तो रोज न चुकता सांभाळतो.

आता सावली. एका वर्षी पाचवीतल्या एका मुलीने वर्गात मोठ्याने वाचलं, ‘माय शेड इज लाँग’. मी फळ्यावर काही लिहिलं नाही. दुपारी तीनचा सुमार होता, सगळा वर्ग बाहेर आंब्याखाली नेला. आधी सगळ्यांना उन्हात उभं केलं. जमिनीवर प्रत्येकाच्या पायाला चिकटलेली एकेक काळी आकृती. हात वर केला की तिचाही हात वर. मग म्हटलं, चला आत, झाडाखाली. सगळी धावत आत आली आणि मी विचारलं, तुमच्या आकृत्या कुठे गेल्या? मुलं खाली बघायला लागली. आकृती नव्हती, नुसता गारवा होता. ज्यात आपण बसतो, ज्याला स्वतःचा आकार नाही, जे ऊन अडवतं, ते ‘शेड’. जी कुणाची तरी असते, जिला डोकं, हात, पाय असतात, ती ‘शॅडो’. ‘शेड’मध्ये शिरलं की आपली ‘शॅडो’ जाते. त्या वर्गातल्या कुणी नंतर हे दोन शब्द उलटसुलट केल्याचं मला आठवत नाही. नंतर माझ्या लक्षात आलं की मराठीतही ‘पडछाया’ हा शब्द आहे, तो बरोबर ‘शॅडो’च्या जागी बसतो. आपण तो बोलण्यात वापरत नाही एवढंच.

म्हणून माझा पहिला नियम असा: जोडी समोर आली की आधी आपल्याच भाषेत धुंडाळायचं. बऱ्याच वेळा हा फरक मराठीत आधीपासून असतो, फक्त वेगळ्या कपड्यात.

‘सी’ आणि ‘लुक’ घ्या. शब्दकोशात दोन्हींचा अर्थ ‘पाहणे’. पण हे वाक्य बघा: ‘मी बसकडे बघितलं, पण नंबर दिसला नाही.’ बघणं मी केलं, दिसणं माझ्याकडे आपोआप आलं किंवा आलं नाही. बघणे म्हणजे ‘लुक’, दिसणे म्हणजे ‘सी’. बसकडे बघितलं यातला ‘कडे’ इंग्रजीत ‘ॲट’ होऊन येतो, म्हणून ‘लुक ॲट’. दिसण्याला ‘कडे’ लागत नाही, म्हणून ‘सी’नंतर ‘ॲट’ येत नाही. आणि वाफ्यात पाणी सोडून ते कुठवर पोचतं ते बघत बसतो, क्रिकेटची मॅच बघत बसतो, तेव्हा ‘वॉच’. जे हलतं, बदलतं आणि ज्यावर वेळ देऊन नजर ठेवायची, ते ‘वॉच’. वॉचमन हा शब्द तर त्याच्या कानावरून रोजच जातो.

कानाचंही तसंच. ‘मी कान देऊन ऐकलं, पण काही ऐकू आलं नाही.’ ऐकणे म्हणजे ‘लिसन टू’, ऐकू येणे म्हणजे ‘हिअर’. ‘मला दिसलं’, ‘मला ऐकू आलं’ असं जिथे ‘मला’ने सुरू करता येतं तिथे ‘सी’ आणि ‘हिअर’. एक सावधगिरी मात्र हवी. बोलताना आपण ‘काल त्याला बाजारात बघितलं’ असंही म्हणतो, आणि मुलगा लिहितो ‘आय लुक्ड हिम’. तिथे त्याला विचारायचं, ‘काल तो मला बाजारात दिसला’ असं म्हटलं तर चालेल का? चालत असेल तर ‘सॉ’.

‘से’ आणि ‘टेल’ तर आणखी सोपं. म्हणणे आणि सांगणे. सांगण्याला ऐकणारा लागतो, म्हणण्याला नुसतं बोलणं पुरतं. म्हणून ‘टेल’च्या मागोमाग माणूस येतो: ‘टोल्ड मी’, ‘टोल्ड द टीचर’. ‘से’च्या मागोमाग बोललेली गोष्ट येते: ‘सेड दॅट’. ‘ही सेड मी’ ही चूक येते कारण मराठीत ‘त्याने मला म्हटलं’ चालतं. इंग्रजीत ‘से’नंतर माणूस आणायचाच असेल तर मध्ये ‘टू’ टाकावा लागतो. मला या जोडीत सगळ्यात आवडतात ते तिचे अपवाद. इंग्रजीत गोष्ट ‘टेल’ करतात, खरं-खोटं ‘टेल’ करतात, घड्याळातली वेळ ‘टेल’ करतात, पण प्रार्थना मात्र ‘से’ करतात. आणि मराठीत? गोष्ट सांगतात, खरं सांगतात, वेळ सांगतात, आणि प्रार्थना म्हणतात! एवढ्या दूरच्या दोन भाषा इथे इतक्या एकत्र चालतात, की हे वर्गात सांगताना मला दरवेळी आनंद होतो.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यात मोठी माणसंही अडतात, कारण फरक एका इवल्या ‘अ’चा. मराठीत तोच फरक एका इवल्या ‘च’चा आहे. ‘आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे थोडे मित्र आहेत, चाललंय बरं. ‘आय हॅव फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे थोडेच मित्र आहेत, सांगताना आवाज जरा खाली जातो. मोजता न येणाऱ्या गोष्टींना ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’, हिशोब तोच. मात्र ‘ओन्ली’ आलं की पुन्हा ‘अ’ हवा, ‘ओन्ली अ फ्यू’, म्हणजे मोजकेच.

आता अशा जोड्या, जिथे मराठी शब्द एकच आहे पण वाक्य थोडं वळवून पाहिलं की फरक समोर येतो. ‘बाय’ आणि ‘टिल’, दोन्हींना मराठीत ‘पर्यंत’. हॉटेलच्या वर्गात मी सगळ्यात जास्त वेळ यावर देतो, कारण इथे चूक झाली की पाहुणा सामान घेऊन उभा राहतो. एका मुलीने पाहुण्याला निरोप पाठवला होता की खोली ‘टिल टू’ तयार असेल. तिला म्हणायचं होतं, दोनपर्यंत तयार होईल. पाहुण्याने वाचलं की खोली दोन वाजेपर्यंतच आहे, नंतर मिळणार नाही. बिचारा विमानतळावरून थेट धावत आला, आणि खोलीत तेव्हा झाडलोट चालू होती.

यावर माझा उपाय असा. ‘पर्यंत’ काढून तिथे ‘च्या आत’ घालून बघायचं. ‘सोमवारच्या आत प्रोजेक्ट दे’ जमतं, तर ‘बाय मंडे’. ‘सोमवारच्या आत मामाकडे राहा’ जमत नाही, तर ‘टिल मंडे’. देणं, पोचणं, संपवणं एकदाच होतं, त्याला ‘बाय’. राहणं, थांबणं, उघडं असणं तेवढा सगळा वेळ चालू असतं, त्याला ‘टिल’. ‘बाय मंडे’मध्ये सोमवारही धरलेला असतो, हे मुलाला आवर्जून सांगा, नाहीतर रविवारी रात्री उगाच जागेल. आणि नकार आला की ‘टिल’: ‘तो सोमवारपर्यंत आलाच नाही’ यात न येणं सोमवारपर्यंत चालूच होतं ना!

‘पासून’चीही अशीच गत आहे. ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘२०१९ पासून’, मराठीत दोन्ही ‘पासून’, म्हणून मुलं दोन्हीकडे ‘सिन्स’ लावतात. ‘गेली’ लावून पाहा. ‘गेली दोन वर्षं’ म्हणता येतं, तिथे ‘फॉर’. ‘गेली २०१९’ असं कुणी म्हणत नाही, तिथे ‘सिन्स’. सोबत क्रियापदाचंही बघा. मराठीत ‘राहतो’ म्हटलं की झालं. इंग्रजीत तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं. पण या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी शिकवू नका. आधी ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ पक्कं होऊ दे.

काही जोड्यांत मात्र मराठी मदतीला येत नाही. किनारा हा त्यातला मोठा, आणि गोव्याच्या मुलाला तर तो रोज लागणारा. मांडवीचा किनारा, मिरामारचा किनारा, गोव्याचा किनारा, मराठीत सगळं एकच. इंग्रजीत चार शब्द. मुलाला घेऊन कधी पणजीला जाल तेव्हा फेरीबोटीने बेतीला जाऊन या. फेरी जिथून सुटते आणि जिथे लागते, ते दोन्ही काठ म्हणजे ‘बँक’. नदीला, कालव्याला ‘बँक’ असते. समुद्राला कधीच नाही. मग मिरामारला न्या. पायाखाली वाळू, तिथे मुलं खेळतात, माणसं फिरायला येतात, ती ‘बीच’. पुढे चालत लाट पायाला लागते तिथवर जा. पाणी आणि जमीन भेटतात ती कड म्हणजे ‘शोअर’. तिथे वाळू असो, खडक असो, चिखल असो. तळ्यालाही ‘शोअर’च म्हणतात. आणि घरी येऊन नकाशा उघडा. वर तेरेखोल, खाली काणकोणच्या टोकाला पोळे, मधली सुमारे १०० किलोमीटरची समुद्राला लागून असलेली पट्टी ती ‘कोस्ट’. ‘कोस्ट’ नकाशावर दिसते, ‘बीच’ पायाला लागते. म्हणूनच तटरक्षक दल ते ‘कोस्ट गार्ड’.

हॉटेलातल्या मुलांना मी सांगतो, ‘ऑन द बीच’ आणि ‘ऑन द कोस्ट’ यातला फरक पैशांचा आहे. ‘ऑन द बीच’ वाचून आलेल्या पाहुण्याला दार उघडलं की वाळू हवी असते. ‘ऑन द कोस्ट’मध्ये वाळू दोन किलोमीटरवर असली तरी खोटं ठरत नाही. जाहिरात लिहिणाऱ्याने हा शब्द जपून निवडावा.

शोध हाही असाच शब्द. ‘डिस्कव्हर’ आणि ‘इन्व्हेंट’, मराठीत दोन्हींना शोध लावणे. पाचवी-सहावीत इतिहास इंग्रजीतून सुरू झाला की हे लगेच टोचतं. होतं ते सापडलं, तर ‘डिस्कव्हर’. नव्हतं ते घडवलं, तर ‘इन्व्हेंट’. १४९८ साली वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला पोचला; समुद्र तिथे होताच, युरोपला वाट सापडली, म्हणून ‘डिस्कव्हर्ड’. हलत्या खिळ्यांची, म्हणजे सुटी अक्षरं जुळवून करायची छपाई युरोपात गुटेनबर्गने पंधराव्या शतकाच्या मध्यावर उभी केली. तशी ती तिथे आधी नव्हती, म्हणून ‘इन्व्हेंटेड’. १५५६ साली छापखाना गोव्यात आला, भारतातला तो पहिला. तो इथे शोधला नाही, घडवलाही नाही, जहाजातून आला, तिथे ‘ब्रॉट’. या तीन वाक्यांत आमच्या मुलांची निम्मी गल्लत सुटते. आणि हरवलेली किल्ली शोधणं हे तिसरंच. ‘सर्च’च्या लगेच पुढे जागा येते, जिनसेआधी ‘फॉर’ लागतं: पिशवी ‘सर्च’ केली, किल्लीसाठी ‘सर्च फॉर’. ‘आय सर्च्ड माय की’ म्हणजे किल्लीचीच झडती घेतली!

आता ज्या जोडीने मला सगळ्यात जास्त शिकवलं, ती सांगतो. ‘डाउट’ आणि ‘सस्पेक्ट’. दोन्हींना मराठीत शंका किंवा संशय, आणि अर्थ मात्र एकमेकांच्या उलट. माझ्या वर्गातला एक सुपरवायझर, अतिशय सरळ माणूस, बार्देशातल्या एका हॉटेलात होता. पाहुण्याचा कॅमेरा खोलीतून गेला. त्या दिवशी खोलीत दोघेच गेले होते, साफसफाईचा मुलगा आणि एसी दुरुस्त करणारा. याला एसीवाल्याचा संशय होता. इंग्रजीत अहवाल लिहिताना त्याने लिहिलं, ‘आय डाउट द एसी मेकॅनिक टुक द कॅमेरा’. मॅनेजर बरीच वर्षं बाहेरदेशी काम करून आलेले. त्यांनी ते इंग्रजी जसं आहे तसं वाचलं: एसीवाल्याने घेतला असेल असं मला वाटत नाही. मग उरला कोण? त्या पोराला दोन दिवस केबिनमध्ये बोलावून विचारत होते. कॅमेरा तिसऱ्या दिवशी पाहुण्याच्याच दुसऱ्या बॅगेत सापडला. दोघांपैकी कुणीच काही घेतलं नव्हतं. सुपरवायझर वर्गात येऊन हे सांगताना त्याचे डोळे भरले होते. तो म्हणाला, सर, मी त्या पोराचं नावसुद्धा लिहिलं नव्हतं.

त्या रात्री मी घरी बसून मराठीत वाक्यं करून पाहिली, आणि मला फरक सापडला. ‘त्याने घेतलं अशी मला शंका आहे.’ ‘त्याने घेतलं याबद्दल मला शंका आहे.’ मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात आपल्याला वाटतं की घेतलं असावं. दुसऱ्यात वाटतं की घेतलं नसावं. ‘अशी शंका’ म्हणजे ‘सस्पेक्ट’, ‘याबद्दल शंका’ म्हणजे ‘डाउट’. मराठी हा फरक नीट करते, आपणच तिच्याकडे लक्ष देत नाही. तेव्हापासून प्रत्येक बॅचला पहिल्या आठवड्यात ही दोन वाक्यं मी लिहून देतो. वर्गात ‘आय हॅव अ डाउट’ म्हणून हात वर करायची सवय आपल्याकडे सगळीकडे आहे आणि आपल्यात ती चालते. पण बाहेरच्या माणसासमोर ‘क्वेश्चन’ म्हणावं, नाहीतर त्याला वाटेल की आपला त्याच्या बोलण्यावर विश्वास नाही.

राहिल्या त्या उच्चाराने किंवा स्पेलिंगने जवळच्या जोड्या. ‘प्रिन्सिपल’ची दोन स्पेलिंगं, ‘स्टेशनरी’ची दोन, ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’, ‘लूझ’ आणि ‘लूस’. यांना मराठीचा उपयोग नाही, ही लिहून लिहूनच बसतात. इथे पाठांतर चालेल, रोज एक. ‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइझ’ एवढं कानाने ओळखायला शिकवा: शेवटी ‘स’ आला तर सल्ला, ‘झ’ आला तर सल्ला देणे. ‘रॉब’ आणि ‘स्टील’ही पटकन होतं, कारण आपणही माणसाला लुटतो आणि पाकीट चोरतो.

आता घरात इंग्रजी बोलण्याबद्दल. घरात कोकणीच राहू दे, ताई. त्याला दिसणं आणि बघणं, म्हणणं आणि सांगणं यातला फरक कळतो तो घरातल्या बोलण्यामुळे. ते बोलणं आटलं तर मी वर सांगितलेला आधारच जाईल, आणि त्या जागी येईल ते तुमचं-त्याचं अर्धवट इंग्रजी. संध्याकाळी फक्त एक करा. शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर त्याने त्या दिवशी चुकवलेलं वाक्य मराठीत किंवा कोकणीत, त्याच्याच शब्दांत लिहायला सांगा. खाली तेच वाक्य दुसऱ्या तऱ्हेने म्हणून बघायला लावा, ‘च्या आत’, ‘गेली’, ‘मला दिसलं’ असं काहीतरी घालून. मगच उजव्या पानावर इंग्रजी. दिवसाला एकच वाक्य पुरे. गाइड कपाटात ठेवून द्या, स्पेलिंगच्या जोड्यांपुरतं बाहेर काढा.

आणि त्याची आताची इंग्रजीची उत्तरपत्रिका मिळाली की तिच्यातली लाल रेघ आलेली पहिली दहा वाक्यं मला जशीच्या तशी लिहून पाठवा, चुका न सुधारता. कोणत्या मराठी शब्दापाशी त्याचा पाय अडतो ते त्यातून मला नेमकं सांगता येईल.